‘स्पीड’च्या खेळाला दोन स्टार: हॉलमालकाचं उत्तर

नमस्कार. शनिवारी रात्री रामबागेतल्या आमच्या छोट्या हॉलमध्ये ‘स्पीड’ हा इंग्रजी सिनेमा बघून गेलात आणि दोन स्टार दिलेत. तक्रारी चार: कथेत दम नाही, अर्धवट बांधलेल्या पुलावरून बस उडते हे पटत नाही, आवाजानं कानठळ्या बसल्या आणि मध्यंतर नव्हतं. शिवाय तिकिटाचे पैसे परत हवेत. तुम्ही सविस्तर लिहिलंत, तर मीही सविस्तरच लिहितो.

कथेबद्दल तुमचं मला मुळीच पटलेलं नाही. बसखाली बॉम्ब. ताशी 50 मैल, म्हणजे आपले 80 किलोमीटर, ओलांडले की तो जागा होणार आणि वेग पुन्हा त्याखाली आला की फुटणार. एवढ्या एका अटीवर यान द बोन्टनं 1994 साली सिनेमा उभा केला. अट कळली, की पुढची गर्दी, अवघड वळण, फुटलेली इंधनाची टाकी, एरवी किरकोळ वाटणारं सगळं जिवावर बेतायला लागतं. (आपल्या राजवाड्याच्या रस्त्यावर बसनं 80 गाठलेच नसते, बॉम्ब बिचारा झोपूनच राहिला असता.) आणि पात्रं काय सुरेख बेतली आहेत! ड्रायव्हरला गोळी लागते आणि स्टिअरिंग सँड्रा बुलकच्या हाती येतं. ती बसनं का जातेय? तर फार वेगात गाडी चालवली म्हणून तिचं लायसन्स गेलंय. खलनायक फोनवर तिला ‘वाइल्डकॅट’ म्हणतो, नायक किआनू रीव्ह्जची नजर तिच्या स्वेटशर्टवरच्या अक्षरांवर जाते आणि बसमध्ये कॅमेरा लपवलाय हे त्याला उमगतं. पुढे त्याच कॅमेऱ्याचं जुनं चित्रण खलनायकाला पुन्हा पुन्हा दाखवून प्रवासी उतरवतात. आधी पेरलेलं नंतर उगवतं. पटकथेत यापेक्षा जास्त दम कुठून आणायचा?

पुलाचं म्हणाल तर हिशेब तुमच्याच बाजूनं आहे. खिंडार 50 फुटांचं, म्हणजे 15 मीटर. बस ताशी 110 किलोमीटरनं गेली तरी ते पार करायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात सपाट रस्त्यावरून सुटलेली बस चारेक फूट खाली येते. पलीकडच्या कडेवर थोबाड आपटणार, दुसरं काही नाही. पडद्यावर मात्र ती नाक वर करून उडते, कारण चित्रीकरणात खरी बस चढत्या रॅम्पवरून खरोखर उडवली होती. खिंडार नंतर संगणकावर काढलं. मला तो प्रसंग आवडतो, पण तो खोटा आहे हे मान्य.

एक गंमत सांगू? सिनेमाची खरी दुखरी जागा तुमच्या नजरेतून सुटली. रिकामी बस विमानाला धडकून फुटते, तिथे गोष्ट संपलेली असते. तरी पुढे भुयारी रेल्वे येते: पुन्हा बॉम्ब, पुन्हा ओलीस, पुन्हा न थांबणारी गाडी. यावेळी मात्र ती अटच नाही, म्हणून नुसती धावपळ उरते. इतका वेळ टीव्हीसमोर बसून, शांतपणे धमकावणारा खलनायक डेनिस हॉपर इथे डब्याच्या टपावर मारामारी करायला लागतो आणि त्याची भीतीच जाते. जेफ डॅनियल्सनं केलेला नायकाचा मित्र त्याआधीच मेलेला असतो, त्याचं दुःखही घाईत उरकलंय. एखादा स्टार कापायचाच होता तर इथे कापायचा.

आवाज कमी करणार नाही. या सिनेमाला दोन ऑस्कर मिळाले आणि दोन्ही ध्वनीचे. इंजिनाचा सूर जरा खाली आला की पोटात गोळा येतो. वेगाचा काटा बघावाच लागत नाही. ते हळू आवाजात ऐकू येत नाही. तुम्ही दुसऱ्या रांगेत, डाव्या स्पीकरच्या अगदी समोर बसला होतात. मागच्या दोन रांगांत त्रास होत नाही. बुकिंगच्या वेळी सांगितलंत तर आम्ही तिथेच जागा देतो.

मध्यंतर नाही, हे दारावरच्या पाटीवर आणि तिकिटावर लिहिलेलं असतं. सिनेमा दोन तासांच्या आतला आहे, आणि जी बस थांबली तर माणसं मरणार ती मी कचोरीसाठी थांबवू? खालचा स्टॉल खेळाआधी तासभर आणि नंतरही उघडा असतो. लहान मुलं बरोबर असतील तर रविवारी सकाळचा खेळ मध्यंतरासह असतो, त्याला या.

पैसे परत मिळणार नाहीत. मशीन बंद पडलं, वीज गेली, खेळ रद्द झाला तर पूर्ण परत देतो. सिनेमा आवडला नाही म्हणून देत नाही. तुमचा रिव्ह्यू आहे तसाच राहू द्या, काढायला सांगणार नाही. फक्त त्यात ‘हिंदी डबिंग असल्याचं सांगितलं होतं’ असं लिहिलंय, तेवढं दुरुस्त करा. जाहिरातीत ‘मूळ इंग्रजी, खाली इंग्रजी अक्षरं’ असंच छापलं होतं.