‘कायझेन आपल्याकडे चालत नाही’: ते कुणामुळे?

चाकण-भोसरीकडच्या वाहनसुट्या भागांच्या कारखानदारांत सध्या एक मजकूर या गटातून त्या गटात ढकलला जातोय. त्याचा सूर असा: लीन (कामातला वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम काढून टाकण्याची पद्धत) आणि कायझेन (कामगारांनीच सुचवलेल्या रोजच्या छोट्या सुधारणा) जपानी शिस्तीवर चालतं, आपल्या माणसांना ते झेपत नाही, माल न साठवण्याचं खूळ कोविडने उघडं पाडलं, हे सगळे बड्या कंपन्यांचे चोचले, आणि लीन म्हणजे कामगार कपातीचं गोंडस नाव. यातला शेवटचा मुद्दा आपल्याकडे बराचसा खरा ठरतो. बाकीचे तीन नाहीत.

आधी जपानी शिस्त. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला, तेव्हा तो दांड्या, दारू आणि भांडणांसाठी बदनाम होता. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुम्मी’ नावाने सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. थोड्याच काळात गुणवत्तेत तो जनरल मोटर्सच्या कारखान्यांत वरच्या पंक्तीत जाऊन बसला. एक फरक मोठा होता: काही चुकतंय असं दिसलं की दोरी ओढायची आणि लाइन थांबवायची मुभा प्रत्येक कामगाराला मिळाली. आणि अमेरिका कशाला? चेन्नईच्या सुंदरम क्लेटनच्या ब्रेक विभागाने 1998 मध्ये डेमिंग पारितोषिक, म्हणजे गुणवत्तेसाठीचं जपानी पारितोषिक, मिळवलं. 2003 मध्ये ते महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळालं, ज्याचे कारखाने कांदिवली आणि नागपुरात आहेत. तिथे काही जपानहून कामगार आणले नव्हते.

साठ्याबद्दल मजकुरात अर्धवट माहिती आहे. 1 फेब्रुवारी 1997 ला टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेना आणि टोयोटाच्या लाइन्स बंद पडल्या, हे खरंच आहे. पण जपानमधल्या 2011 च्या भूकंपानंतर याच टोयोटाने पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. म्हणून 2021 च्या सुरुवातीला इतर कंपन्या लाइन थांबवत होत्या तेव्हा टोयोटाचं काम बऱ्यापैकी चालू होतं. पुढे सप्टेंबरात त्यांनाही उत्पादन 40 टक्क्यांनी कापावं लागलं, तेही सांगायला हवं. कशाचा साठा, किती आणि का, हे ठरवून ठेवणं लीनमध्ये बसतं. जी वस्तू यायला महिने लागतात ती भरून ठेवा. शेजारच्या गल्लीतून दोन तासांत येणाऱ्या ब्रॅकेटचे ढीग कशाला? आपल्याकडे मात्र मोठ्या कंपनीच्या आवारात साठा नसतो, कारण तो पुरवठादाराने भाड्याने घेतलेल्या गोदामात पडलेला असतो. त्याला जस्ट इन टाइम (लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच माल) म्हणण्याचा निगरगट्टपणा मला तरी जमत नाही.

‘छोट्यांना परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी एखाद्या प्रेस शॉपमध्ये डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना उभं राहून बघावं. जुनी डाय उतरते, मग फोर्कलिफ्टची वाट. नवी डाय येते, तिची उंची वेगळी, म्हणून शिमा (उंची भरून काढायच्या पातळ पट्ट्या) शोधा. क्लॅम्पचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे, एक पाना दुसऱ्या मशीनवर गेलेला. पहिला पीस निघतो, तर इन्स्पेक्टर चहाला. प्रत्यक्ष डाय बसवण्यापेक्षा शोधाशोधच जास्त. सगळ्या डाय पॅरलल ब्लॉक (ठोकळे) लावून एकाच उंचीच्या करा, बोल्ट एकाच मापाचे ठेवा, पुढची डाय आधीचा लॉट संपायच्या आत ट्रॉलीवर शेजारी आणून ठेवा. यात परवडण्या-न परवडण्यासारखं काय आहे? टोयोटाच्या हजार टनी प्रेसवर चार तासांचं हे काम 1970 च्या सुमारास तीन मिनिटांवर आलं, त्याची सुरुवात अशाच गोष्टींपासून झाली. सल्लागार हवा असेल तर केंद्राच्या सूक्ष्म-लघुउद्योग लीन योजनेत, 2023 पासून, 90 टक्के खर्च सरकार उचलतं.

राहिली कामगार कपात. टोयोटा स्वतः 1950 मध्ये दिवाळखोरीच्या तोंडाशी आली होती. माणसं काढायला घेतल्यावर मोठा संप झाला, शेवटी अध्यक्ष किइचिरो टोयोडांनी राजीनामा दिला. त्यानंतर कंपनी आणि युनियनमध्ये जी समजूत झाली, तिच्यात नोकरीची हमी महत्त्वाची होती. नुम्मीच्या करारात तर स्पष्ट कलम होतं: कामगार काढण्याआधी व्यवस्थापनाच्या पगाराला कात्री लावायची. 1988 च्या सुमारास मागणी घसरली, तेव्हा रिकाम्या झालेल्या माणसांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला बसवलं.

आपल्याकडे काय होतं? सेटर (मशीनवर डाय लावणारा) सांगतो, ही हालचाल वाचवली तर दोघांचं काम एकात होईल. महिन्याभरात दुसरा माणूस गेटबाहेर. पुढच्या वेळी सेटर कशाला तोंड उघडेल? आणि मशीनवर उभा असतो तो बहुतेकदा ठेकेदाराचा पोरगा, कायद्याने सलग नोकरी धरली जाते ते 240 दिवस भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक मिळणारा. मशीनचा आवाज बदलला की काय बिघडणार, हे त्याला कळू लागेपर्यंत त्याची वेळ संपलेली असते. मजकुराच्या शेवटी ‘आपले कामगार सूचनाच देत नाहीत’ अशी तक्रार आहे. सूचनापेटी बाजूला ठेवून आधी ठेकेदाराचं हजेरीबुक काढा. मागच्या दिवाळीला असलेली किती नावं या दिवाळीला त्यात आहेत, ते मोजा.