पहिल्या पंधरा दिवसांत वही कोरी दिसली तर

नमस्कार पालकहो,

उद्यापासून शाळा सुरू. गणवेश, वेळापत्रक, फाटक किती वाजता बंद होतं वगैरे सगळं शाळेच्या गटावरच्या पत्रात आहे. ते पत्र मुख्याध्यापिका म्हणून लिहिलेलं, त्यामुळे त्यात जे लिहितात तेच लिहिलंय. इथे माझ्या भिंतीवर जरा मोकळेपणाने बोलते. लांबलंय, सवडीने वाचा.

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात पालकांच्या गटावर एक मेसेज हमखास येतो. "मॅडम, अजून काहीच शिकवलेलं दिसत नाही. वही कोरी आहे." त्याखाली भराभर अंगठे. मग कुणाच्या तरी बहिणीच्या मुलाचा दाखला येतो, त्याच्या शाळेत म्हणे दुसरा धडासुद्धा संपला. संध्याकाळपर्यंत गटाचा सूर असा होतो की आमच्याकडे मुलं नुसती येतात, बसतात आणि घरी जातात.

माझं मत स्पष्ट आहे आणि ते काहींना रुचणार नाही, हेही ठाऊक आहे. प्राथमिकच्या वर्गात पहिल्या पंधरा दिवसांत वह्या भरलेल्या दिसल्या, तर मी त्या शिक्षकांना बोलावून विचारते की एवढी घाई कशाची.

पहिलीच्या वर्गात एकदा येऊन बसा, म्हणजे कळेल. बाईंनी "वही काढा" म्हटलं. चौघांनी काढली. दोघांनी पुस्तक काढलं. एकाला दप्तराची चेन उघडत नाही आणि ते सांगायचं कसं हे त्याला माहीत नाही, म्हणून तो दप्तराकडे बघत बसलाय. एकीने वही काढली, पण उलटी धरून शेवटच्या पानावर लिहायला सुरुवात केली. एकाला शू लागलीय. तो उठून उभा राहिला, बाईंचं लक्ष गेलं नाही, तो पुन्हा बसला. आता दोन मिनिटांत काय होणार हे मावशींना दारातूनच दिसतं आणि त्या आत येतात. असं करत करत सगळ्यांच्या वह्या बाकावर यायला पाच मिनिटं जातात. दिवसातून सहा वेळा काही ना काही काढायचं-ठेवायचं असतं. म्हणजे अर्धा तास गेला, रोजचा. वर्षभराचा हिशोब तुम्हीच मांडा.

म्हणून पहिले पंधरा दिवस बाई हे शिकवतात: वही कुठे ठेवायची, काढायची कशी, काम लवकर झालं तर काय करायचं, पेन्सिलीचं टोक मोडलं तर कुणाला सांगायचं, बाथरूमला जायचं असेल तर हात कसा वर करायचा, दुसरा बोलत असताना आपण थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं. आणि "शिकवतात" म्हणजे फळ्यावर नियम लिहून मोकळ्या होत नाहीत. करून दाखवतात, करून घेतात, चुकलं की पुन्हा करून घेतात. रांग लावायची म्हटलं की रांगच लावतात, तीन-तीनदा. बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो.

यावर अभ्यासही झालेला आहे. एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी तिसरीच्या 27 शिक्षकांचे वर्ग शाळा सुरू झाल्यापासून पाहिले आणि 1980 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. नियम जवळजवळ सगळ्याच वर्गांत होते. पण ज्यांचे वर्ग पुढे वर्षभर सुरळीत चालले, त्या शिक्षकांनी सुरुवातीच्या आठवड्यांत ते नियम आणि रोजच्या पद्धती धडा शिकवावा तशा शिकवल्या होत्या आणि मुलं तसं वागतात का यावर लक्षही ठेवलं होतं. मी हा अभ्यास नव्या शिक्षकांना आवर्जून सांगते, कारण पालकांच्या मेसेजांना घाबरून तिसऱ्या दिवशी धडा पहिला उघडण्याचा मोह त्यांनाही होतो. बिचारे नवे असतात, वही कोरी गेली की आपली नोकरी गेली असं त्यांना वाटतं.

आता दुसरी तक्रार. "मागच्या वर्षीचंच परत घेताय." हो, घेतोय. तिसरीच्या मुलाला सुट्टीनंतर 52 मधून 27 वजा करायला सांगा. सुट्टीपूर्वी हातचा घेऊन झरझर करणारा मुलगा सातातून दोन वजा करून मोकळा होतो, उत्तर 35. त्याला येत नाही असं नाही, ते मागे पडलंय. जोडाक्षरांचंही तसंच, वाचताना अडखळत नाही, पण लिहिताना अर्धं अक्षर कुठे जातं कळत नाही. अमेरिकी संशोधक हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये उन्हाळी सुट्टीवरच्या 39 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. मोठ्या सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी मागे आलेली दिसली आणि सगळ्यात जास्त घसरण होती ती आकडेमोडीत आणि शुद्धलेखनात. आमच्या शिक्षकांना हे कूपर न वाचताही माहीत होतं, पण आकडा हाती असला की पालकसभेत बोलायला बरं पडतं.

महत्त्वाचं हे, की हे विसरणं आजार नाही. थोड्या उजळणीने बहुतेक मुलांचं परत येतं. त्यासाठी सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मुलाला कोंडून पाढे घोटून घ्यायची गरज नाही, शिकवणी लावायची तर नाहीच नाही. ज्या मुलांची सुट्टी पाढ्यांच्या धाकात संपते, ती शाळेच्या फाटकात शिरतानाच दमलेली असतात. हे मी दरवर्षी बघते.

आणि उजळणीच्या या दिवसांत शिक्षक आणखी एक काम करत असतात, जे वहीत कधीच दिसणार नाही. ते मुलं बघत असतात. कोण फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करतं, कोण शेजारच्याच्या वहीतून उतरवतं कारण फळा दिसतच नाही. मूल हे स्वतःहून सांगत नाही. सगळ्यांनाच असं धूसर दिसत असेल, असं त्याला वाटतं. कोण हाक मारली की एकाच बाजूने वळतं. कोण मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभं असतं. धडे रेटत बसलं तर हे दिसायला वेळच उरत नाही, आणि मग चाचणीचे मार्क हातात आल्यावर आपण म्हणतो, हा अभ्यास करत नाही.

आता माझ्या खास जिव्हाळ्याचा विषय. पहिल्या दिवशी पालक मुलाला नव्या बाईंकडे सोपवतात आणि मूल शेजारी उभं असताना त्याची ओळख करून देतात. "बाई, हा जरा आळशी आहे हं." "गणितात कच्ची आहे, लक्ष ठेवा." "मोठा हुशार होता, हा तसा नाही." मूल खाली मान घालून बुटाच्या टोकाने फरशी उकरत असतं. बाई कसनुसं हसतात. आणि नव्या वर्गात, नव्या बाईंसमोर, जुनं सगळं पुसून सुरुवात करायची जी एक संधी त्या मुलाला मिळाली होती, ती दारातच गेली.

रोझेंथाल आणि जेकबसन या अमेरिकी संशोधकांचा 1968 सालचा प्रयोग शिक्षकांना शिकताना सांगितला जातो. एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं की चाचणीवरून ही मुलं या वर्षी झेप घेतील असं दिसतंय. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यांकाचे गुण बाकीच्यांपेक्षा जास्त वाढलेले निघाले. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. अपेक्षेचा परिणाम होतो, पण सुरुवातीला गाजला तेवढा मोठा नसतो, असं नंतरच्या अभ्यासांवरून दिसतं. तरी परिणाम लहान असला, तरी तो माझ्या शाळेतल्या मुलाच्या विरोधात का जावा? आमच्याकडे जुने शिक्षक नव्या शिक्षकांना मुलाला काय येतं आणि कुठे अडतं हे लिहून देतात. "मस्तीखोर", "ढ", "रडका" असले शेरे मी त्या कागदावर चालू देत नाही. तुम्हीही तोंडी देऊ नका, ही विनंती.

"कच्चा" म्हणण्याआधी जन्मतारीखही बघत जा. एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराने लहान-मोठी मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे किती, विचार करा. बेडार्ड आणि ड्यूई या अर्थतज्ज्ञांनी 2006 मध्ये अनेक देशांतले निकाल तपासले, तेव्हा चौथीतली वयाने सर्वांत लहान मुलं सर्वांत मोठ्या मुलांच्या 4 ते 12 पर्सेंटाइल, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत साधारण तेवढ्या जागा, मागे होती. आठवीपर्यंत अंतर कमी झालं होतं, पण पुरतं मिटलं नव्हतं. ज्याला आपण मठ्ठ समजतो, तो कित्येकदा नुसता लहान असतो.

मग शिक्षकांना काहीच सांगायचं नाही का? जरूर सांगा, फक्त मुलासमोर नाही. सांगण्यासारखं पुष्कळ असतं आणि नेमकं तेच सांगायचं राहतं. सुट्टीत घरात कुणी गेलं असेल, घर बदललं असेल, आई-बाबा वेगळे राहू लागले असतील, नवं बाळ आलं असेल. दमा, फिट्स, कशाची ॲलर्जी. चष्मा लागलाय, पण तो घालायला लाजतो. अंधाराला घाबरते, म्हणून बाथरूमला एकटी जात नाही. या एकेका वाक्याने बाईंचा महिना वाचतो. पाच ओळींची चिठ्ठी द्या किंवा मला फोन करा. गटावर टाकू नका, तिथे अख्खं गाव वाचतं.

फाटकावरच्या रडण्याबद्दल थोडक्यात. निरोप छोटा ठेवा. जवळ घ्या, "शाळा सुटली की मी इथेच उभी असेन" म्हणा आणि निघा. नजर चुकवून पळून जाऊ नका. ते सोपं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी मूल तुमचा पदर किंवा शर्ट दुप्पट घट्ट धरतं, कारण आता तुम्ही कधीही गायब होऊ शकता हे त्याला कळलेलं असतं. आणि निघालात की खरंच निघा. खिडकीतून डोकावणारे बाबा हा आमच्या शिक्षकांचा जुना शत्रू आहे. मूल नुकतंच गप्प होऊन ठोकळ्यांकडे वळलेलं असतं, तेवढ्यात खिडकीत चेहरा दिसतो, आणि पुन्हा भोकाड. बहुतेक मुलं तुम्ही दिसेनासे झालात की थोड्या वेळात शांत होतात. तुमच्यापैकी काही जण मात्र फाटकाबाहेर बराच वेळ डोळे पुसत असता. तेही मी बघते आणि त्याबद्दल चेष्टा करणार नाही.

झोपेचं वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगते. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 9 ते 12 तास झोप सुचवली आहे. सुट्टीतलं मध्यरात्रीपर्यंतचं जागरण एका रात्रीत सुटत नाही. आज पोस्ट वाचून लगेच मुलाला झोपवायला जाल, तर ते छताकडे बघत पडेल. रोज थोडं थोडं अलीकडे आणा.

शाळा सुटल्यावर "आज काय शिकवलं?" असं विचारलंत, तर उत्तर "काही नाही" असंच येणार. मूल खोटं बोलत नसतं. रांग लावणं, शेजारच्याशी ओळख होणं, डबा न सांडता उघडणं, याला शिकणं म्हणतात हे त्याला माहीतच नसतं. त्यापेक्षा "बाकावर शेजारी कोण बसलं?" विचारा. "डबा कुणाबरोबर खाल्लास?" विचारा. "बाई कशाला हसल्या?" विचारा. आठवडाभर शेजारच्या मुलाचं नाव सांगता आलं नाही, तर मला कळवा. ती काळजीची गोष्ट आहे, कोरी वही नाही.

तुमची काळजी मला कळत नाही असं समजू नका. सुट्टी, कामं, धावपळ यातून मुलाचं शिक्षण नीट चाललंय की नाही हे बघायला तुमच्या हातात दुसरं काय असतं? वहीच असते. आणि वही कोरी ठेवून खरोखर काहीच न करणारे वर्गही असतात, मी ते पाहिलेत. म्हणून पंधरा दिवस म्हणतेय, पंधरा आठवडे नाही. तिसऱ्या आठवड्यात पालकसभा आहे. त्या दिवशी वर्गात येऊन मागच्या बाकावर बसा. बाईंनी "वही काढा" म्हटल्यावर किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. त्यानंतरही वर्ग विस्कळीत दिसला किंवा महिन्याने वही तशीच असली, तर सरळ माझ्या खोलीत या. तेव्हा मी शिक्षकांच्या बाजूने बोलणार नाही, तुमच्याबरोबर बसून वही चाळेन.

तोपर्यंत एवढं करा: पाण्याच्या बाटलीवर, डब्यावर, डब्याच्या झाकणावर आणि रेनकोटवर नाव लिहा. झाकणावर वेगळं लिहा. माझ्या खोलीतल्या कपाटात गेल्या सत्रातली झाकणं अजून पडून आहेत. ओळख पटवून घेऊन जा.