सेक्रेटेरियट घोड्याविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

'सेक्रेटेरियट हा अमेरिकी घोडा एकही शर्यत हरला नाही, पण पैदाशीत साफ अपयशी ठरला,' असा संदेश सध्या फिरत आहे. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. शर्यतींच्या नोंदींनुसार तो २१ वेळा धावला आणि १६ वेळा जिंकला. १९७३ची बेलमाँट स्टेक्स ही शर्यत त्याने ३१ लांबींनी (एक लांबी म्हणजे साधारण एका घोड्याच्या शरीराएवढे अंतर) जिंकली खरी. परंतु त्याआधी एप्रिलमध्ये, तोंडात गळू झालेले असताना, वूड मेमोरियल या शर्यतीत तो तिसरा आला होता. त्याच्या तोडीचे शिंगरू निपजले नाही, हे मान्य. मात्र त्याची मुलगी लेडीज सीक्रेट १९८६मध्ये अमेरिकेत वर्षातील सर्वोत्तम घोडा ठरली, तर स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे पैदाशीचे नामांकित घोडे त्याच्याच मुलींच्या पोटी जन्मले. कृपया मूळ संदेश पुढे पाठवू नये.