‘नळी काढा, बाळ घरी न्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

परभणी जिल्ह्यातील आमच्या चुलतभावाच्या नातवाला, जन्मून आठवडाही झालेला नसताना, हृदयाच्या जन्मजात दोषाने अंग निळे पडू लागल्यामुळे छत्रपती संभाजीनगरला हलवावे लागले. बाळ व्हेंटिलेटरवर असतानाच त्याच्या आजीच्या फोनवर एक संदेश आला. त्यात लिहिले होते की व्हेंटिलेटरवरचे बाळ आधीच गेलेले असते आणि बिल फुगवण्यासाठी त्याला ठेवून घेतात; हृदयाचे छिद्र आपोआप बुजते; निळ्या बाळाला घरी शेक द्यावा; आणि एक्मो (हृदय-फुप्फुसांचे काम शरीराबाहेर करणारे यंत्र) हा गरिबांच्या लेकरांवरचा प्रयोग आहे. आजीने ‘नळी काढा, लेकराला घरी आणा’ असा धोशा लावला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. व्हेंटिलेटर फुप्फुसांत हवा ढकलतो; रक्त फिरवण्याचे काम तो करीत नाही. हृदय कायमचे थांबले, तर छाती वरखाली होत राहील, पण नाडी लागणार नाही, रक्तदाब उरणार नाही आणि काही तासांत शरीर ताठरेल. असे बाळ आठवडाभर ‘ठेवून घेणे’ कोणत्याही यंत्राला शक्य नाही. मग नातेवाइकांना ते निष्प्राण का वाटते? हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाने हालचाल करू नये म्हणून त्याला गुंगीची आणि स्नायू शिथिल करणारी औषधे देतात. हृदयाला सूज असेल तर छातीचे हाड एक-दोन दिवस न जोडता वर केवळ पातळ आवरण लावून ठेवतात. हातपाय गार, डोळे मिटलेले, हालचाल नाही, असे दृश्य काचेपलीकडून पाहणाऱ्या आजीला हे कुणी समजावून सांगितले नाही, तर तिचा संशय मी वेडगळ म्हणणार नाही. तो दोष न बोलणाऱ्या डॉक्टरांचा आहे.

शेक देण्याबद्दल काय बोलावे? हृदयाच्या काही दोषांत बाळाचे रक्ताभिसरण हृदयाजवळच्या, गर्भावस्थेतल्या एका नलिकेवर अवलंबून असते आणि जन्मानंतर काही दिवसांत ती मिटू लागते. म्हणूनच पहिल्या दिवशी गुटगुटीत दिसणारे बाळ तिसऱ्या दिवशी राखाडी पडते. ती नलिका उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन शिरेतून सतत द्यावे लागते, आणि या औषधाने श्वास थांबू शकतो. पुष्कळदा घशातली नळी याच कारणासाठी असते. ती उपटून बिब्ब्याचा चटका किंवा शेक देणे म्हणजे काय, हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनीच सांगावे.

छिद्र बुजण्याची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मान्य करतो. खालच्या कप्प्यांमधली लहान छिद्रे पुष्कळदा बुजतात. मोठी छिद्रे आणि निळेपणाचे दोष तसे बुजत नाहीत. फरक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच, दाखवते.

एक्मो हृदय आणि फुप्फुस या दोघांचे काम काही दिवस शरीराबाहेर करतो. नवजात बाळावर तो पहिल्यांदा यशस्वी झाला १९७५ साली, अमेरिकेत रॉबर्ट बार्टलेट यांच्या हातून. १९८९ पासून एल्सो ही आंतरराष्ट्रीय संस्था अशा रुग्णांची नोंद ठेवते. तिच्या नोंदीनुसार हृदयविकारासाठी एक्मोवर ठेवलेल्या नवजातांपैकी निम्म्याहून कमी, साधारण दहांत चार, घरी जातात. हा आकडा सुखावणारा नाही आणि खर्चही मोठा आहे. म्हणून ‘यंत्राने मिळवलेल्या वेळात पुढे काय करणार?’ हे पालकांनी डॉक्टरांना रोज विचारावे. बाकी बिलाची चिंता असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही सरकारी योजना २०१३ पासून आहे आणि त्यात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात आजच करता येते.