सगळे उघड, किंमत तेवढी झाकलेली

नेदरलँड्समध्ये घराच्या बाबतीत कोणी कोणापासून काही लपवत नाही. रस्त्याकडच्या दिवाणखान्याची खिडकी जवळजवळ भिंतीएवढी असते आणि तिला पडदा असलाच तरी तो ओढायची पद्धत नसते. त्यामुळे संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेल्या माणसाला प्रत्येक घरातला सोफा, टीव्ही आणि ताटातला उकडलेला बटाटा विनामूल्य पाहता येतो. कोणत्याही घराचे नगरपालिकेने ठरवलेले मूल्य सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून फुकट बघता येते. ते घर केव्हा आणि केवढ्याला विकले गेले, हे काडास्टर, म्हणजे इथले भूमी अभिलेख खाते, थोडे युरो घेऊन कोणालाही सांगते. आपल्याकडे सख्ख्या दिराने फ्लॅट घेतला तर त्याने नेमके किती मोजले हे काढून घ्यायला वहिनीला दोन दिवाळ्या खर्ची घालाव्या लागतात. अशा या उघड्यावाघड्या देशात आम्ही घर घ्यायला निघालो, आणि घरासंबंधीची एकूण एक माहिती आमच्यापुढे मांडण्यात आली. फक्त ते केवढ्याला मिळेल, हे काही केल्या कोणी सांगेना.

आम्ही निवडलेले गाव उट्रेख्तजवळचे हाउटन. सायकलींसाठी ते जगभर नावाजलेले आहे, कारण तिथे मोटारीला एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत थेट जाताच येत नाही. तिने गावाबाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जायचे, गावाला वळसा घालायचा आणि पुन्हा आत शिरायचे. सायकलवाला तोवर मधल्या वाटेने पोहोचून चहा प्यायलेला असतो. या व्यवस्थेमुळे गावात जी शांतता नांदते, ती नवख्या माणसाला घाबरवणारी आहे. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी बाबांना व्हिडिओ कॉलवर गल्ली दाखवली, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "अरे, कर्फ्यू लागलाय का तिथे?" वस्तीच्या तोंडाशी एक पाटी होती आणि तीवर लिहिले होते की येथील रहिवासी व्हॉट्सॲप गटातून परिसरावर लक्ष ठेवतात. बाबांना ती वाचून दाखवल्यावर त्यांची खात्रीच पटली. शिवाय एकेका वस्तीतल्या सगळ्या रस्त्यांची नावे एकाच शेपटाने संपतात, त्यामुळे ठरलेल्या वेळी ठरलेल्या दारात उभे राहणे हीच पहिली परीक्षा ठरते.

ती वेळ फार मोलाची असते. फुंडा या संकेतस्थळावर घर दिसले की पाहणीची वेळ मागायची आणि मिळाली तर ती जेमतेम वीस मिनिटांची. आपल्या आधीचे जोडपे बाहेर पडत असते, नंतरचे फुटपाथवर उभे असते, आणि तिन्ही जोडपी एकमेकांकडे अशा काही सौजन्याने दुर्लक्ष करतात की पाहणाऱ्याला वाटावे, हे सगळे वेगवेगळ्या कामांसाठी एकाच दारात आले आहेत. दारात निळी प्लॅस्टिकची पायमोजेवजा आवरणे मिळतात. ती बुटांवर चढवून शिडीला लाजवणाऱ्या उभ्या जिन्यावरून वर जायचे, माळ्यावरच्या वॉशिंग मशीनला आणि बॉयलरला नमस्कार करून खाली यायचे, आणि तेवढ्यात तीस वर्षांच्या कर्जाचा निर्णय करायचा.

इथे मालाची सर्वांत मोठी तारीफ कोणती, तर बाग दक्षिणेला आहे. ऊन दुर्मीळ, त्यामुळे मागच्या अंगणात दिवसभर ऊन येणारे घर म्हणजे भाग्याचे घर. विकणाऱ्याचा माकेलार, म्हणजे दलाल, हे वाक्य आवाजात मध घालून उच्चारत असे. इचलकरंजीहून बाबांचा आवाज येई, "दक्षिण ही यमाची दिशा." मी खिशातून फोन काढून होकायंत्र लावले की माकेलार खूश होई; हा गृहस्थ उन्हाचा बारकाईने हिशोब करतो आहे, म्हणजे घेणारा पक्का, असा त्याचा समज होत असावा. अखेर बायकोने तोड काढली. बाग मागे दक्षिणेला, म्हणजे पुढचा दरवाजा आपोआप उत्तरेला आणि उत्तर ही कुबेराची. बाबांचे समाधान झाले. कुबेराच्या दारातून पैसे बाहेरच जाणार आहेत, हा मुद्दा आम्ही त्या वेळी उपस्थित केला नाही.

आता किंमत. जाहिरातीत एक आकडा असतो खरा, पण तो नुसता बोलीचे निमंत्रण असतो. तो पुरेपूर द्यायला तुम्ही तयार असलात तरी मालकावर विकण्याचे बंधन नाही. बुधवारी दुपारी बारापर्यंत प्रत्येकाने आपली अंतिम बोली लेखी कळवायची. इतर किती जण आहेत आणि ते किती देताहेत, हे कळणार नाही. शेजाऱ्याच्या ताटातला बटाटा दाखवणारा देश या एका ठिकाणी एकदम पडदानशीन होतो.

आम्ही आमच्या बाजूने दुसरा माकेलार नेमला होता. दोन्ही पक्षांचे काम एकाच माणसाला करता येत नाही, हा इथला नियम फार चांगला आहे. त्यामुळे दोन माणसांचे घर चालते. त्याला मी थेट विचारले, "किती बोली लावू?" तो म्हणाला, "ते तुम्हीच ठरवायचे आहे. मात्र कमी लावू नका." जास्त किती, हे विचारल्यावर त्याने सांगितले की हे घर हातातून गेले तर ज्या आकड्याचा पश्चात्ताप होईल तो आणि मिळाले तर ज्या आकड्याचा पश्चात्ताप होईल तो, या दोहोंच्या मधला आकडा लिहावा. अशा मार्गदर्शनाचे त्याचे शुल्क वेगळे होते. एक गोष्ट मात्र त्याने ठामपणे सांगितली, आकडा गोल नसावा. दोघांच्या बोल्या सारख्या आल्या तर वरचे शेपन्नास युरो बाजी मारतात. हे आम्हाला शिकवण्याची गरज नव्हती. आहेराच्या पाकिटात पाचशेवर एक रुपया हवाच, हे बाळकडू घेतलेली माणसे आम्ही. ४,५०,००० युरो मागणाऱ्या घराला आम्ही बोली लावली ती ४,८७,३५१ युरोंची. वरचा एक युरो बायकोचा.

बोलीबरोबर मालकाला पत्र जोडण्याचीही चाल आहे. मालकीणबाईंनी चाळीस वर्षे त्या घरात संसार केला होता, तेव्हा ते कोणाच्या हाती जाते आहे हे त्यांना कळावे. आम्ही लिहिले की आम्ही शांत माणसे आहोत, धूम्रपान करत नाही, कुत्रा नाही, मुलगी सायकल शिकते आहे आणि बागेतल्या सफरचंदाच्या झाडावर आमचे आताच प्रेम बसले आहे. "शांत माणसे" या शब्दांवर बायकोने पेन्सिल टेकवली आणि गणपतीच्या आरतीचे काय, असे विचारले. विचारांती झांजांचा उल्लेख टाळण्यात आला.

घर मिळाले. अभिनंदनाच्या फोननंतर यथावकाश ज्याच्यासाठी आम्ही तडफडलो तो कागदही मिळाला. सर्व बोल्यांची नोंदवही व्यावसायिक संघटनांच्या माकेलारांना आता ठेवावी लागते आणि व्यवहार पक्का झाला की ती बोली लावणाऱ्यांना दाखवली जाते. नावे झाकलेली, आकडे उघडे. आमच्या खालची बोली ४,७१,००० ची होती. म्हणजे सोळा हजारांच्या वर युरो आम्ही एका अज्ञात इसमाच्या धास्तीने दिले होते. त्या रात्री आम्ही पिठलेभात जेवलो.

अभिनंदनाच्या फोनपासूनच पुन्हा पारदर्शकतेचे राज्य सुरू झाले होते, आणि ते काय वर्णावे! मालकीणबाईंनी भरलेली प्रश्नावली आली. छपराला गळती होती का, लाकडाला कीड लागली होती का, धुराडे शेवटचे केव्हा साफ केले, कुंपण मोजणीच्या हद्दीवरच आहे का, त्याबद्दल शेजाऱ्याशी काही तोंडी बोलणे झाले होते का. सगळ्याची उत्तरे निळ्या शाईत, गोलसर अक्षरात. मग आली वस्तूंची यादी. घरातली कोणती वस्तू राहणार, कोणती मालक नेणार आणि कोणती वेगळे पैसे घेऊन देणार, असे रकाने आणि त्यांपुढे फुल्या. टपालपेटी राहणार. दारावरची घंटा राहणार. झेंड्याची काठी अडकवायचा खोबणीदार तुकडा राहणार; मूल शाळेची शेवटची परीक्षा पास झाले की इथे त्या काठीला झेंड्याबरोबर दप्तर टांगतात, तेव्हा मुलीच्या दृष्टीने ही जमेची बाजू होती. जमिनीवरचे लॅमिनेट वेगळ्या पैशांत. संडासातला कागदाचा अडकवणा राहणार. संडासातला ब्रश मात्र मालकीणबाई नेणार.

चार लाख सत्याऐंशी हजारांच्या व्यवहारात माझी नजर त्या फुलीवरून हलेना. बायको म्हणाली, "त्यांचा आहे, नेऊ देत." मी म्हटले, "नेऊ देत गं, पण त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या कशाला?" सह्या झाल्या.

त्यानंतर बांधकाम तपासनीस आला. उंच, गंभीर, गुडघ्यांना गाद्या बांधलेला. त्याने दारातले पायपुसणे उचलले, त्याखालची लाकडी झडप उघडली आणि काही न बोलता तो जमिनीत उतरला. इथल्या घरांच्या जमिनीखाली अर्ध्या मीटरभर उंचीची रांगती पोकळी असते, नळ आणि तुळया पाहायला. आधी त्याचे पाय गेले, मग टोपी गेली, मग दिवाणखान्याच्या खालून खोकल्याचा आवाज आला आणि हळूहळू स्वयंपाकघराकडे सरकला. मुलगी त्या आवाजाच्या मागोमाग वरून चालत होती. बऱ्याच वेळाने डोक्याला कोळिष्टके लावून तो वर आला आणि म्हणाला, "ओलसर आहे, पण चांगल्या अर्थाने." अहवालात त्याने लिहिले की घर १९८३ चे आहे आणि ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी १९९३ ची, तेव्हा माळ्यावरच्या जुन्या नळीला हात लावण्यापूर्वी तिची परीक्षा करावी. त्या नळीला मी आजवर स्पर्श केलेला नाही.

करारावर सह्या झाल्यावर कायदा घेणाऱ्याला तीन दिवस विचार करायला देतो. या तीन दिवसांत कारण न सांगता माघार घेता येते. विकणाऱ्याला ही सवलत नाही. सवलत कसली, ती शिक्षाच आहे. एरवी सही झाली की माणूस नशिबावर हवाला ठेवून झोपतो. इथे कायदाच रात्री उशाशी बसून विचारतो, नक्की ना?

दरम्यान बँकेला दाखवण्यासाठी नेमलेला मूल्यमापक घर पाहून गेला आणि त्याने त्याची किंमत ४,६५,००० ठरवली. बँक सर्वसाधारणपणे घराच्या मूल्याइतकेच कर्ज देते. म्हणजे वरचे २२,३५१ आमच्या खिशातले. त्यावर दोन टक्के हस्तांतरण कर, सुमारे ९,७०० युरो. पस्तिशीच्या आतल्यांना स्वतः राहायच्या घरावर एकदाच, किंमत ठरावीक मर्यादेत असेल तर, हा कर माफ असतो, आणि हे कळल्यापासून बायको माझ्या पांढऱ्या केसांकडे खर्चाची बाब म्हणून पाहते. कमी पडलेली रक्कम बाबांनी पाठवली. "त्यात रोख किती मागतोय?" असे काकांनी अनुभवी आवाजात विचारले. रोख कुठले! सगळा पैसा नोटारिसच्या, म्हणजे खरेदीखत करून देणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाच्या, खास खात्यातून जातो, आणि तो कुठून आला हे प्रत्येक पायरीवर दाखवावे लागते. बाबांनी गावाकडचा प्लॉट विकल्याचा दस्त मी पाठवला. तो मराठीत होता. बँकेने अत्यंत नम्रपणे त्याचे प्रमाणित भाषांतर मागवले.

नोटारिससमोर खरेदीखत झाले, तेव्हा आमच्या डच भाषेवर विश्वास नसल्याने शपथबद्ध दुभाषी सोबत बसवावा लागला. त्याचेही शुल्क होते. नोटारिस संथ लयीत वाचत होते आणि माझ्या जन्मगावापाशी येऊन थबकले. मग त्यांनी धीर करून "इखालकारान्यी" असे म्हटले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. दुभाष्याने त्याचे भाषांतर केले नाही. किल्ल्या मिळाल्या. स्वतःच्या घरात राहतो म्हणून प्राप्तिकरात घराच्या मूल्याच्या ०.३५ टक्के काल्पनिक उत्पन्न धरले जाते, आणि पाय कोरडे राहतात म्हणून पुरापासून राखणाऱ्या जलमंडळाचा वेगळा कर असतो, हे नंतर कळले. पण तोवर आमची कातडी जाड झाली होती.

आमचे घर रांगेतले, दोन्ही भिंती सामायिक. डावीकडच्या आजी पहिल्याच आठवड्यात फुले घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "छान किंमत दिलीत हं तुम्ही!" त्यांनी काडास्टरमधून आमचा आकडा काढला होता. त्यांना स्वतःचे घर विकून लहान फ्लॅटमध्ये जायचे आहे, त्यामुळे आमच्याविषयी त्यांना मनापासून माया वाटते. उजवीकडच्या गृहस्थांना वाटत नाही. आसपासच्या विक्रीवरून नगरपालिका सगळ्यांचे मूल्य ठरवते आणि त्यावर घरपट्टी आकारते; ती वाढल्याची नोटीस येताच त्यांनी सहा आठवड्यांच्या मुदतीत आक्षेप नोंदवायचे ठरवले. सरळ माणूस. मसुदा घेऊन ते आमच्याकडेच आले, चहा घेतला आणि आमच्यासंबंधीचा परिच्छेद तपासून द्या म्हणाले. त्यात लिहिले होते की शेजारच्या खरेदीला बाजारभाव मानू नये, कारण खरेदीदार परदेशातून आलेले असून त्यांना स्थानिक किमतींचा अंदाज नव्हता. वाक्यरचना निर्दोष होती. फक्त किंमत त्यांनी ४,८७,००० अशी गोल लिहिली होती. वरचे ३५१ मी त्यांना घालायला लावले.