हेल्स भावांच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या हेल्स भावांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंत. दोन आक्षेप आहेत. एक, आयर्लंडमधली घरं इंग्रजांविरुद्ध एकदिलाने उभी होती, ती फुटली 1921 मध्ये ब्रिटनशी झालेल्या तहानंतर. मी मात्र 'स्वातंत्र्यलढ्यात दुभंगलेली घरं' असं शीर्षक देऊन अख्ख्या लढ्याचीच भाऊबंदकी करून टाकली. दोन, ब्रिटिश वर्दी चढवणारे भाडोत्री. त्यांचं दुःख कशाला उगाळायचं?

पहिल्यात तुम्ही मला बरोबर पकडलंत. कॉर्कचे टॉम आणि शॉन हेल्स इंग्रजांशी लढले ते एकाच बाजूने. 1920 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी टॉमला पकडून त्याचे अनन्वित हाल केले, तेव्हाही भाऊ भावासोबतच होता. डिसेंबर 1921 चा तह शॉनने मानला, टॉमने नाही. 22 ऑगस्ट 1922 ला तहावर सही करणारा नेता मायकेल कॉलिन्स ज्या हल्ल्यात मारला गेला, तो दबा धरून बसलेल्यांचा म्होरक्या टॉम होता. 7 डिसेंबरला शॉनला डब्लिनमध्ये तहविरोधकांनी गोळ्या घातल्या. हे उदाहरण तहानंतरच्या यादवीचं, लढ्याचं नव्हे. शीर्षक बदलतो.

पण त्याआधी घरं एकसंध होती, हे काही पटत नाही. डब्लिनचं शीही कुटुंब घ्या. वडील डेव्हिड शीही लंडनच्या पार्लमेंटात खासदार, सनदशीर मार्गाचे. मुलगा युजीन ब्रिटिश सैन्यात अधिकारी. एक जावई टॉम केटल. त्याने 1914 मध्ये आयरिश स्वयंसेवक या राष्ट्रवादी दलासाठी बेल्जियममध्ये बंदुका मिळवायची खटपट केली आणि महायुद्ध लागल्यावर ब्रिटिश गणवेश घातला. दुसरा जावई फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन, कट्टर शांततावादी. (लग्नात नवरा-बायकोने एकमेकांचं आडनाव घेतलं, म्हणून ते जोड-आडनाव. 1903 मध्ये!)

एप्रिल 1916 मध्ये डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या उठावात हा फ्रान्सिस लूटमार थांबवायला रस्त्यावर उतरला होता. सैनिकांनी त्याला धरलं आणि 26 तारखेला पोर्टोबेलो बराकीत एका कॅप्टनच्या हुकमाने, खटल्याबिटल्याशिवाय, गोळ्या घातल्या. बायकोला, हॅनाला, कुणी कळवलंही नाही. शुक्रवारी तिच्या दोन बहिणी, मेरी आणि मार्गारेट, बराकीत चौकशीला गेल्या. मेरी म्हणजे लेफ्टनंट केटलची बायको. दोघींचा सख्खा भाऊ त्याच सैन्यात. तरी त्यांनाच अटकेत घेतलं, आणि त्यांना उलटसुलट विचारणारा होता तोच कॅप्टन. फ्रान्सिसबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. तेव्हा फ्रान्सिसला जाऊन दोन दिवस झाले होते.

सप्टेंबरात केटल फ्रान्समध्ये जर्मनांशी लढताना पडला. एका वर्षात दोन बहिणी विधवा: एकीचा नवरा ब्रिटिश गोळीने गेला, दुसरीचा ब्रिटिश वर्दीत. यातल्या कुणाला घराबाहेर काढू, सांगा.

आता भाडोत्री. कॉर्कमधल्या किलमायकेलला 28 नोव्हेंबर 1920 ला ब्रिटिशांच्या ऑक्झिलरी (निमलष्करी) पोलिसांची जवळजवळ अख्खी तुकडी कापून काढणारा टॉम बॅरी तुमचाही आवडता असणार. त्याचा बाप इंग्रजांच्या पोलिसात शिपाई होता, आणि स्वतः बॅरी 1915 मध्ये ब्रिटिश तोफखान्यात भरती झाला. देशासाठी वगैरे नाही, जग बघायला आणि हाती बंदूक यावी म्हणून, हे त्यानेच कबूल केलंय. 1916 मध्ये तो मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होता, कुतला वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनला सोडवायला निघालेल्या फौजेत. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिलला कुत पडलं, आणि त्याच दिवशी तिकडे डब्लिनमध्ये उठावाचा नेता पिअर्स शरण आला. उठावाची बातमी बॅरीला वाळवंटात, वर्दी अंगावर असताना कळली. बंदूक चालवायला तो त्या 'भाडोत्री' नोकरीतच शिकला.

फ्रान्सिसच्या खुनाबद्दल सरकारने पुढे हॅनाला 10,000 पौंड देऊ केले. तिने घेतले नाहीत. तुमच्या देशभक्तांच्या यादीत ती नक्की बसेल. तिच्या भावाचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.