गाव शहरात घालताना घ्यावयाची काळजी

तुमचं गाव सोलापूरला इतकं चिकटलंय ना, की रात्री कुत्री भुंकली तर कोणत्या हद्दीतली ते कळत नाही? मग अभिनंदन, आता हद्दवाढ होणार. आम्ही 1992 पासून हद्दवाढीत आहोत. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव अशी कितीतरी गावं तेव्हा एका फटक्यात शहर झाली. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी ग्रामपंचायतीची पाटी काढून घरी नेऊन ठेवा. इथं गाव होतं याला पुढे दुसरा पुरावा राहत नाही. सरपंचांना मात्र काही वर्षं सरपंचच म्हणा, माणसाला एकदम सुटत नाही. गावात लाइट गेली की लोक त्यांच्या दारात उभे राहायचे आणि ते बनियनवरच बाहेर येऊन वायरमनला शिव्या घालायचे. शहरात असला गावंढळपणा चालत नाही. तिथं नगरसेवक असतो, आणि तोही नसला तर प्रशासक. मार्च 2022 मध्ये सोलापुरातल्या नगरसेवकांची मुदत संपली, पुढची निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं कुणाच्या दारात जायचं हा प्रश्नच नव्हता. केवढा वेळ वाचला!

पाण्याची सोय करा. गावात आड होता. खारट का असेना, रोज होता. शहरात उजनीचं गोड पाणी येतं. आता धरण शंभरेक किलोमीटरवर, तिथून यायचं म्हणजे दमणारच ते, म्हणून चार-पाच दिवसांनी येतं. धरण 117 टीएमसीचं, आपला निळा ड्रम दोनशे लिटरचा. दोष कुणाचा ते उघड आहे, ड्रम वाढवा. पाणी रात्री अडीचला सुटतं. बायको हलवते, "उठा की ओ, आलंय." नळाला मोटार लावू नये असा नियम आहे. जो आधी लावेल त्याला पाणी, हा त्याच्याखालचा नियम.

घरपट्टीचं बिल न चुकता येतं. त्यात ड्रेनेजचा आकडा असतो. ड्रेनेज दिसत नाही, कारण ते जमिनीखाली असतं, असं आम्ही धरून चालतो.

रस्त्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. आपली माती काळी. पावसाळ्यात दोन पावलांत चप्पल अर्धा किलोची होते. मुरूम टाकतात, तो पुढच्या मिरगात मातीच्या पोटात जातो. तेव्हा चप्पल हातात घ्यावी आणि डांबर लागेपर्यंत चालावं. डांबर सुरू होतं तिथं आमचा एक दगड आहे. सगळी कॉलनी त्याच्यावर पाय खरवडून मगच शहरात जाते. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हा पेढे आम्ही त्याच दगडापाशी वाटले.

नावाची सवय करून घ्या. तीस-पस्तीस वर्षं झाली तरी आमचा भाग अजून 'हद्दवाढ भाग'च आहे. नातवंडं अंगणात खेळायला लागली तरी सासरी 'नवी सून' म्हणावं, तसं. (विजापूर रोडकडे 'जुळे सोलापूर' आहे. जुळ्यातलं एक दुसऱ्याहून काही शतकांनी धाकटं, पण पत्रिका कोण बघतंय?)

काही गावं हट्टी निघतात. 2017 मध्ये पुण्यात गेलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची शेवटी बाहेर पडली आणि स्वतःची नगरपरिषद घेऊन बसली. तुम्ही असलं काही मनात आणू नका. आपला कारभार आपण करायची खोड सोलापूरच्या मातीत जुनीच आहे. 1930 च्या मे महिन्यात शहराने इंग्रजांवाचून तीन दिवस काढून दाखवले, आणि पुढे काय आलं? मार्शल लॉ. त्यापेक्षा घरपट्टी बरी.

पाटीचं विचाराल तर आमची अजून आहे. ड्रमवर झाकण म्हणून ठेवलीय, डास होत नाहीत. ड्रम गोल आणि पाटी लांबट, त्यामुळे 'ग्रा' एका बाजूला आणि 'त' दुसऱ्या बाजूला, तेवढे बाहेर राहतात.